दुपारचं जेवण सोडू नकोस

*ताई,*

*मी मुलुंडची, वय चोवीस. मालाडच्या एका कंपनीत स्पॅनिश प्रोसेसला होते, मेक्सिकोतल्या ग्राहकांचे फोन घ्यायचे. स्पॅनिशची बी-वन, म्हणजे मधली पातळी, झाली आहे. नोकरी सोडून, साठवलेले पैसे घालून जानेवारीत स्पेनला आले, सालामांका शहरात, चौदा आठवड्यांच्या कोर्ससाठी. एका साठीच्या बाईंकडे राहते, घरात त्यांचा मुलगाही असतो, तिन्ही वेळच्या खाण्याचे पैसे धरून. महिना झाला आणि मी रोज रडते. बाईंचं बोलणं निम्मंसुद्धा कळत नाही. मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. तसं पहिल्या दिवशी सांगितलं, तरी सूपमध्ये हॅमचे तुकडे आले. रात्रीचं जेवण साडेनऊ-दहाला, तोवर पोटात कावळे ओरडतात. आंघोळीला वेळ लावला म्हणून बोलल्या, घरात अनवाणी फिरले म्हणून बोलल्या, कपड्यांचं मशीन फक्त शनिवारी लावायचं म्हणाल्या. आता मी दुपारी घरी जातच नाही, कोर्समधल्या पुण्याच्या आणि इंदूरच्या मुलींबरोबर बाहेर सँडविच खाते. त्या दोघी फ्लॅट घेतायत, मला ये म्हणतायत. संध्याकाळी सहाला आईचा व्हिडिओ कॉल असतो, तास-दीड तास. ती म्हणते, सगळं सोड आणि परत ये. मी काय करू? फ्लॅटमध्ये जाऊ का? आणि मे महिन्यातल्या डेलेच्या, म्हणजे स्पॅनिशच्या प्रमाणपत्राच्या, बी-टू या पुढच्या पातळीच्या परीक्षेला बसू का?*

*– एक मुलुंडकर*

प्रिय मुली,

उत्तर आधी देते, कारणं मागाहून. फ्लॅटमध्ये जाऊ नकोस, निदान आत्ता तरी नको. परतही येऊ नकोस. उद्यापासून दुपारी घरी जेवायला जा आणि आईच्या फोनची वेळ बदल. एवढ्या दोन गोष्टी तीन आठवडे नेटानं केल्यास, तर तुझ्या पत्रातल्या बाकीच्या तक्रारींपैकी बऱ्याच सुटतील. ज्या सुटणार नाहीत, त्यांचं काय करायचं तेही सांगते.

मी दादरला स्पॅनिश शिकवते. माझ्याकडून तिकडे गेलेल्या मुलींचे फोन मला साधारण याच सुमाराला येतात. पहिले दोन आठवडे नवलाईत जातात. इमारतींचा तो सोन्यासारखा पिवळा दगड, चौकातली रोषणाई, १२१८ साली स्थापन झालेलं विद्यापीठ, त्याच्या दर्शनी नक्षीत लपलेला बेडूक शोधणं, सगळे फोटो घरी पाठवून होतात. मग नवलाई ओसरते, थंडी मात्र ओसरत नाही. सालामांका समुद्रसपाटीपासून आठशे मीटर उंचावर आहे. फेब्रुवारीत तिथं रात्री पारा शून्याखाली जातो आणि मुंबईच्या मुलीला नुसती थंडीच दमवून टाकते. तेव्हा रडू येण्यात तुझं काही चुकलेलं नाही. घरात कोणी मराठी बोलत नाही, पोट धड भरत नाही, बाहेर बोचरा वारा, अशात कोणालाही रडू येईल.

आता तुझ्याच पत्राकडे माझ्या बाजूनं बघ. स्पेनमधल्या घराच्या बोलण्याच्या वेळा ठरलेल्या असतात. सकाळी कोणी फारसं बोलत नाही. कॉफी, पाव किंवा बिस्किट, की जो तो आपापल्या वाटेला. दिवसाचं मुख्य जेवण दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान. पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, मग फळ किंवा दही, आणि त्यानंतर ताटं तशीच ठेवून टेबलाशी बसून गप्पा. त्या गप्पांना ते सोब्रेमेसा म्हणतात आणि जेवणाइतकंच महत्त्व देतात. दुसरी वेळ संध्याकाळी सहाच्या आसपासची. तेव्हा मेरिएंदा होते, म्हणजे कॉफी, पाव, एखादं फळ, केकचा तुकडा. त्यानंतर हवा बरी असली तर बायका कोट घालून फेरफटका मारायला निघतात. तुझ्या शहरात तर अठराव्या शतकातला प्लाथा मायोर हा मोठा चौक आहे, अख्खं गाव तिथं घड्याळाखाली भेटतं.

दुपारी दोनला तू बाहेर सँडविच खातेस. संध्याकाळी सहाला खोलीचं दार लावून आईशी बोलतेस. म्हणजे ते घर ज्या दोन वेळा खातं आणि बोलतं, नेमक्या त्याच दोन वेळा तू तिथं नसतेस. मग बाईंशी तुझी गाठ पडते ती फक्त न्हाणीघराच्या दारात आणि वॉशिंग मशीनपाशी. तिथं कोणाचंही बोलणं तक्रारीचंच होणार. आणि रात्री दहापर्यंत तुला भूक लागते, कारण सहाचं खाणं तू रोज चुकवतेस.

बाईंच्या बाजूनंही एक गोष्ट मला दिसते. तू जेवणाचे पैसे भरले आहेत, म्हणून त्या दुपारी तुझ्या वाटणीचं रांधत असणार. तू येत नाहीस. येणार नाही असं आदल्या दिवशी सांगतेस का? पत्रात तसं काही लिहिलेलं नाहीस. सांगत नसशील, तर तिच्या मनात काय येत असेल ते मुलुंडच्या कोणत्याही आईला विचार. माझ्या हातचं हिला आवडत नाही, एवढंच तिला कळलेलं असणार. उद्या घरी गेल्यावर आधी हे बोल. मला वाईट वाटतंय, मला काय चालतं ते मी नीट सांगितलं नव्हतं, आजपासून मी दुपारी घरी जेवणार आहे. तीन साधी वाक्यं आहेत. तुझ्या बी-वनमध्ये सहज बसतील.

खाण्याबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण आपल्या मुलींचं तिथलं निम्मं दुःख ताटात असतं.

शाकाहारी आहे असं नुसतं सांगून स्पेनमध्ये काम भागत नाही. विशेषतः तू राहतेस त्या कास्तिया भागातल्या जुन्या वळणाच्या स्वयंपाकघरात कार्ने म्हणजे मांसाचा चांगला मोठा तुकडा. सूपमधले हॅमचे चार बारीक तुकडे त्यांच्या लेखी चवीपुरते असतात, आपण फोडणीत हिंग घालतो तसे. सॅलडवर ट्यूना पसरला तरी त्याला मासे खाणं कोणी म्हणत नाही. बाईंनी तुझं ऐकलं नाही असं मला वाटत नाही. त्यांनी त्यांच्या व्याख्येप्रमाणे ऐकलं. म्हणून यादी द्यावी लागते. कागदावर मोठ्या अक्षरांत लिही आणि त्यांना विचारून फ्रीजवर लाव: नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन, नी चोरिथो, नी आतून, नी काल्दो दे कार्ने. मांस नाही, मासे नाहीत, हॅम नाही, सॉसेज नाही, ट्यूना नाही, मांसाचं पाणीसुद्धा नाही. हे शेवटचं विसरू नकोस, कारण त्या पाण्यात शिजलेली डाळ दिसायला अगदी निर्दोष दिसते.

त्याहून मोठी यादी चालणाऱ्या पदार्थांची कर. नुसतं काय नको ते सांगितलं की रांधणाऱ्या बाईला काही सुचत नाही आणि ती रोज लेट्युस आणि उकडलेलं अंडं पुढे ठेवते. तुला अंडं चालतं, म्हणजे निम्मी लढाई जिंकल्यासारखी आहे. तोर्तिया दे पातातास तू रोज खाऊ शकतेस, बटाटा, अंडी, ऑलिव्ह तेल आणि बहुतेक घरी कांदा. पिस्तो म्हणजे टोमॅटो, सिमला मिरची, झुकिनी आणि कांदा मंद आचेवर शिजवलेली भाजी, वर एक अंडं. पालक आणि छोले एकत्र शिजवतात, त्यात जिरंसुद्धा असतं. पातातास मेनेआस हा तर तुझ्या भागातला खास पदार्थ. धुरावर सुकवलेल्या लाल मिरचीची पूड आणि लसूण घालून घोटलेला बटाटा असतो तो. त्यावर डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालतात, ते घालू नका म्हणायचं, आणि बटाटा सुरुवातीपासून वेगळ्या तेलात करायला सांगायचं.

आणि डाळ! सालामांकाच्या उत्तरेला ला आर्मुन्या नावाचा भाग आहे, तिथला मसूर अख्ख्या स्पेनमध्ये नावाजलेला आहे. छोल्यांसाठी प्रसिद्ध असलेलं फुएंतेसाउको शेजारच्या थामोरा प्रांतात आहे. आमटीवर वाढलेली मुलगी डाळींच्या माहेरी जाऊन उपाशी राहते, हे मला बघवत नाही. बाईंना मसूर चोरिथो न घालता करायला सांग. कांदा, गाजर, लसूण, तमालपत्र आणि लाल मिरचीपूड यांवर ती डाळ सुरेख होते. इथं एक गोष्ट तुझी तुलाच ठरवावी लागेल. सगळ्यांसाठी एकाच भांड्यात डाळ शिजवून वरचे तुकडे बाजूला काढून दिले, तर तुला चालेल का? चालणार नसेल तर आधीच सांग. ताट समोर आल्यावर डोळ्यांत पाणी आणून बसण्यापेक्षा ते दोघींनाही सोपं जाईल.

आता एक सवय, जी आपण सगळ्यांनी बरोबर नेलेली असते. आपल्याकडे पाहुण्यानं आधी नको म्हणायचं असतं. मग यजमान म्हणतो, घ्या हो, अर्धी तरी घ्या. मग पाहुणा संकोचून ताट पुढे करतो. स्पेनमध्ये तू नो, ग्राथिआस, म्हणजे नको, धन्यवाद, म्हणालीस की भांडं उचलून आत जातं आणि विषय संपतो. त्यात रुक्षपणा नाही. तू नको म्हणालीस, त्यांनी तुझा शब्द मानला. भूक असेल तर पहिल्याच वेळी हो म्हण. अजून हवं असेल तर माग. एस्ता मुई रीको, म्हणजे फार चविष्ट झालंय, म्हणून ताट पुढे केलंस तर रांधणाऱ्या बाईचा चेहरा कसा खुलतो, ते बघ. आणि मेरिएंदाचं सरळ विचार: मला संध्याकाळी भूक लागते, सहाला थोडा पाव आणि फळ घेतलं तर चालेल ना? माझ्या एका विद्यार्थिनीनं संकोचापायी महिनाभर पर्समध्ये बिस्किटं लपवून दिवस काढले, आणि स्वयंपाकघरातला फळांचा टोपला तिच्यासाठीच भरून ठेवलेला होता.

बाईंच्या तीन तक्रारींचं आता बघू. तिन्हींना कारण आहे.

आंघोळ: तिथल्या पुष्कळ घरांत गरम पाण्याची टाकी ठरावीक लिटरची असते. ती संपली की पुढच्या माणसाला थंड पाणी, आणि पुन्हा तापायला वेळ. काही घरांत गॅसच्या सिलिंडरवर पाणी तापतं, तो सिलिंडर विकत आणावा लागतो. आपण बादलीवर वाढलेल्या मुली बादली होती तोवर काटकसरी होतो, शॉवरखाली उभं राहिलं की भान राहत नाही. साबण लावताना नळ बंद कर, एवढं पुरतं.

अनवाणी पाय: आपल्याला चप्पल दाराबाहेर काढणं म्हणजे घराचा मान ठेवणं. तिथं थंडीत फरशी बर्फासारखी असते, आणि अनवाणी फिरलं की सर्दी होते अशी त्यांची पक्की समजूत आहे. ही समजूत तुझ्या आजीचीही असेल. त्या तुला रागावल्या नाहीत, काळजीनं बोलल्या. घरात घालायच्या सपाता बाजारात सहज मिळतात, आजच घे.

मशीन: तिथं अनेक घरांत विजेचा दर वेळेनुसार बदलतो. कामाच्या दिवशी सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी सहा ते दहा वीज सगळ्यात महाग, रात्री बारानंतर आणि शनिवार-रविवारी पूर्ण दिवस सगळ्यात स्वस्त. शनिवारी मशीन लावणं हा घरखर्चाचा हिशेब आहे, त्यात तुझ्यावर राग नाही. तू ज्या खोलीत राहतेस तिचं भाडं हा त्याच हिशेबाचा भाग आहे. होस्ट फॅमिली या नावामुळे मुलींना वाटतं की तिथं दुसरी आई मिळणार. बाई पैसे घेऊन खोली आणि जेवण देते, हा सरळ व्यवहार आहे आणि त्यात कमीपणा कोणालाच नाही. दादर-पार्ल्यातल्या कितीतरी आजींनी मागची खोली अशीच शिकणाऱ्या मुलींना दिली. काहींशी जन्माचं नातं जुळलं, काहींशी नुसताच चोख व्यवहार राहिला, आणि मुली दोन्हीकडे शिकून मोठ्या झाल्या. इतक्यात मायेची अपेक्षा ठेवू नकोस. व्यवहार नीट झाला तर माया मागून येते, आणि नाही आली तरी तुझा कोर्स अडत नाही.

बाईंचं बोलणं कळत नाही, याचं मला सगळ्यात कमी आश्चर्य वाटलं. तुझे कान मेक्सिकोत घडलेले आहेत. तू जे स्पॅनिश रोज आठ-नऊ तास ऐकलंस, त्यात ग्रासिआस होतं. तुझ्या घरात ग्राथिआस आहे, आणि असा थ वाक्यावाक्यात येतो. मेक्सिकोत अनेकांना उद्देशून उस्तेदेस म्हणतात, तिथं बाई आणि त्यांचा मुलगा वोसोत्रोस म्हणणार, म्हणजे क्रियापदांची एक अख्खी रांग तुझ्या कानाला अनोळखी. बटाट्याला तू पापा म्हणायचीस त्याचं पाताता झालं, फळांच्या रसाला खूगो म्हणायचीस त्याचं थूमो झालं, मोबाइलला सेलुलार म्हणायचीस त्याचं मोविल झालं. आज सकाळी काय खाल्लंस हे विचारतानाही तिकडे भूतकाळाचं वेगळं रूप वापरतात. त्यात फोनवरचा ग्राहक तुझ्याशी सावकाश, एका ठरलेल्या विषयावर बोलायचा, आणि बाई भांडी विसळत, पाठ करून, मधेच टीव्हीकडे बघत बोलतात. हा कान बदलायला वेळ लागतो. पण नुसत्या वर्गातल्या तासांनी तो बदलत नाही, कारण वर्गातली शिक्षिका परदेशी मुलांसाठी मुद्दाम स्वच्छ बोलते.

सूर समजण्यातही तीच गडबड होते. कॉल सेंटरचं स्पॅनिश अतिशय अदबीचं असतं. कास्तियामधल्या घरात सरळ आज्ञार्थात बोलतात, कृपया वगैरे फार लावत नाहीत. दार लाव, दिवा घालव, पाव दे. आपल्याकडेही घरात आई असंच बोलते, तिला कोणी उद्धट म्हणत नाही. बाई तुझ्याशी तसं बोलत असतील, तर मी ते चांगलं लक्षण समजेन.

यावर माझ्याकडे एकच खात्रीचा उपाय आहे. जेवणाच्या पंधरा-वीस मिनिटं आधी स्वयंपाकघरात जा आणि विचार, ते आयुदो? मदत करू? पहिल्या दिवशी त्या नको म्हणतील. तरी टेबल मांडायला घे, ग्लास ठेव, पाव काप. बटाटे सोलायला बस. हात कामात असले की बोलण्याचं ओझं वाटत नाही, समोरच्या वस्तूकडे बोट दाखवून कोमो से यामा एस्तो म्हणून नाव विचारता येतं, आणि तोच शब्द दिवसात पाच वेळा कानावर पडतो. कळलं नाही तर मान डोलावू नकोस. तुझ्या जागी असलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलीची ही खोड असते. सी, सी म्हणत राहायचं आणि नंतर खोलीत जाऊन रडायचं. मास देस्पाथिओ म्हण, परत सांगा म्हण. जेवताना दोन्ही हात टेबलावर ठेव, मांडीवर नको, ही तिथली रीत. जेवण झाल्यावर लगेच उठू नकोस. पंधरा मिनिटं बस, निम्मं कळलं नाही तरी बस. गप्पा संपल्या की दुपारी घर शांत होतं, तेव्हा खोलीत जाऊन निजलीस तरी कोणी काही म्हणणार नाही.

संध्याकाळी बाई फेरफटक्याला निघतात का, ते बघ. निघत असतील तर एकदा, मी येऊ का, असं विचार. त्यांच्या मैत्रिणी भेटल्या की गालाला गाल लावून दोनदा अभिवादन होईल, दचकू नकोस.

रविवारी एकदा तू रांध, पण आधी परवानगी घे आणि सुरुवातीला हिंगाची फोडणी टाळ. बंद घरात तो वास दोन दिवस राहतो. आईनं भाजणी दिली असेल तर थालीपीठ कर. नॉनस्टिक तव्यावर छान होतं, आणि तिथल्या दह्याबरोबर तर फारच. भाजणी नसेल तर साधी बटाट्याची भाजी आणि भात. तुझ्या हातचं काहीतरी त्या घरात शिजू दे.

आता आईचा कॉल. हे लिहिताना मला तुझ्या आईचाही विचार येतो, म्हणून हा भाग तिला वाचून दाखव. आई, तुमची लेक रडते तेव्हा तुम्हाला ती परत यावी असं वाटणारच. पण रोज संध्याकाळी तास-दीड तास ती तुमच्या स्वयंपाकघरात बसलेली असते आणि तिथल्या स्वयंपाकघरात नसते. तुम्ही विचारता आज काय झालं, आणि ती दिवसभरातलं वाईट तेवढं वेचून सांगते, कारण चांगलं घडण्याच्या वेळी ती फोनवर असते. तिनं साठवलेले पैसे घालून हे शिक्षण घेतलंय. तिला ते पुरं करू द्या.

आणि तुला: सकाळी वर्गाला चालत जाताना फोन कर. तुझे साडेआठ म्हणजे मुंबईत दुपारचा एक, आईचा स्वयंपाक आवरलेला असतो. दहा-पंधरा मिनिटं पुरे. रविवारी सकाळी मनसोक्त बोल. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास पुढे जातील आणि साडेचार तासांचं अंतर साडेतीन होईल, तेव्हा आईला आधीच सांगून ठेव, नाहीतर ती काळजी करत बसेल.

फ्लॅटबद्दल. पुण्याची आणि इंदूरची मुलगी दोघी चांगल्या असतील, त्यांच्याशी मैत्री सोडू नकोस. शनिवारी भेटा, कॉफी प्या, हिंदी-मराठीत मन मोकळं करा. पण तिघी एका घरात राहिलात की संध्याकाळी सातनंतर तुमच्यात स्पॅनिश बोललं जाणार नाही. कोणाचाच निर्धार तेवढा टिकत नाही. शिवाय उरलेल्या दहा आठवड्यांसाठी भाडेकरार, ठेव, भरलेल्या जेवणाच्या पैशांचं काय, व्हिसाच्या कागदांत दिलेल्या पत्त्याचं काय, हे सगळं तुझ्या अंगावर येईल.

तीन आठवडे मी सांगितलं तसं करून बघ. त्यानंतरही जेवणात मांस येत राहिलं, किंवा बाई तुझ्याशी बोलायलाच तयार नसल्या, तर कोर्सच्या निवास विभागाला लेखी कळव आणि दुसरं कुटुंब माग. कुटुंब बदलणं तिथं नेहमीचं आहे, त्यात कोणाचा अपमान होत नाही. पत्रात चिडून लिहू नकोस. काय ठरलं होतं, काय मिळालं, तुला काय हवंय, एवढंच लिही. काही गोष्टींसाठी मात्र तीन आठवडे काय, तीन तासही थांबायचं नाही. खोलीत न विचारता कोणी शिरलं, घरातल्या कोणा पुरुषाचं वागणं खटकलं, कडाक्याच्या थंडीत हीटिंग दिलं नाही, पासपोर्ट मागून ठेवला, वर्णावरून किंवा देशावरून टोमणे मारले, तर त्याच दिवशी सांगून बाहेर पड. तातडीचा नंबर ११२. तुझ्या पत्रात यातलं काही नाही, पण तू भिडस्त दिसतेस, म्हणून स्पष्ट लिहिलं.

राहिली परीक्षा. मेमध्ये बसायचं असेल तर नोंदणीची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते, तेव्हा तारीख ही परीक्षा घेणाऱ्या इन्स्टिट्यूटो सर्वांतेसच्या वेबसाइटवर आजच बघ. बसण्याचा निर्णय मात्र मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात घे. बी-टूला वाचन आणि लेखन मिळून पन्नास गुण, श्रवण आणि संभाषण मिळून पन्नास. दोन्ही गटांत वेगवेगळे तीस लागतात. तू वाचनात आणि लेखनात कितीही मिळवलेस तरी ते दुसऱ्या गटात भरून येत नाहीत. तुझी कमजोर बाजू आत्ता श्रवणाची आहे, आणि तिची तयारी दुपारी अडीचला जेवणाच्या टेबलाशी होणार आहे. निर्णयाच्या वेळी स्वतःला एवढंच विचार: बाई त्यांच्या मुलाशी बोलत असताना, माझ्याशी नव्हे, मला धागा सापडतो का? सापडत असेल तर नाव नोंदव. नसेल तर घाई करू नकोस. डेलेची सत्रं वर्षभरात अनेकदा होतात, दिल्लीला सर्वांतेसचं केंद्र आहे, परत आल्यावरही देता येईल, आणि एकदा मिळालेल्या प्रमाणपत्राची मुदत कधी संपत नाही. मार्चअखेरीस मला कळव, तेव्हा लेखनाचा एखादा नमुना पाठवलास तर तपासून देईन.